भात्याचा वारा

हवा डोळ्यांना दिसत नाहीं व मुठींत धरतां येत नाहीं. तरीही तिला कामास जुंपण्याची विद्या मनुष्यास फार प्राचीन काळापासून अवगत आहे. लोहाराचा कातडी भाता हें या विद्येचें एक जुनें साधन होय. धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं वसलेल्या रेवससारख्या बंदरास एके काळीं या साधनावांचून गत्यंतर नव्हतें. गलबताच्या फळ्या जोडणारे खिळे, नांगर, सुकाणूच्या बिजागऱ्या, हें सर्व भट्टींतूनच बाहेर पडे. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं निवर्तले. त्यांच्या आरमाराचें ठाणें असलेला कुलाबा किल्ला याच तालुक्यांत आहे. त्या आरमाराचा पराक्रम बखरींत आला, पण त्याच्या पाठीमागें चालणाऱ्या भात्यांची नोंद कोणी ठेवली नाहीं.

आज या किनाऱ्यावर लांकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या दिसतात, आणि भात्याची जागा कॉम्प्रेसरनें घेतली आहे. इंजिनाचे गंजलेले नट सोडविणारा, होडीचा पृष्ठभाग घासून रंगविणारा, घराच्या पडवींत सुतारकाम करणारा, अशा प्रत्येक कारागिरापुढें एकच प्रश्न उभा राहतो: आपल्या हत्यारांना पुरेल असें यंत्र कोणतें? उत्तर बहुधा मोटरीच्या अश्वशक्तींत शोधलें जातें. दाबलेल्या हवेचा इतिहास मात्र तें दुसरीकडे दाखवितो.

एकेरी भात्याचा वारा प्रत्येक उचलीस तुटतो आणि विस्तव मंदावतो. म्हणून कोठें दोन भाते आळीपाळीनें चालवीत, तर कोठें दोन कप्प्यांचा भाता वापरीत. त्याचा खालचा कप्पा हवा ओढी व वरचा ती सांठवून संथपणें सोडी. वाऱ्याचा क्षणिक जोर निराळा आणि त्याचा अखंड पुरवठा निराळा, हा भेद लोहाराला पुस्तकावांचून ठाऊक होता. शास्त्रज्ञांनीं त्याला गणिताचें रूप दिलें तें सतराव्या शतकांत. हवेला वजन व दाब आहे हें इटलींत टॉरिसेलीनें दाखविलें; आणि ठराविक उष्णतेवर दाब दुप्पट केला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हा नियम इंग्लंडांत बॉइलनें १६६२ सालीं प्रसिद्ध केला.

या ज्ञानाचें मोल किती, हें एकाच वेळीं चाललेल्या दोन बांधकामांवरून दिसतें. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गासाठीं बोरघाटाचें काम १८५६ ते १८६३ या काळांत झालें. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतच्या त्या चढणींत पंचवीस बोगदे खोदावे लागले. एकानें पोलादी पहार धरावी, दुसऱ्यानें तिच्यावर घण घालावा, भोंकांत सुरुंगाची दारू ठासावी आणि बत्ती देऊन दूर पळावें, हीच तेथील रीत. १८६१ सालीं मजुरांची संख्या ४०,००० वर गेली होती. पटकी, ताप आणि अपघात यांनीं त्यांतील हजारों जीव घेतले.

त्याच सुमारास, १८५७ सालीं, फ्रान्स व इटली यांमधील आल्प्स पर्वतांत सुमारे बारा किलोमीटर लांबीच्या बोगद्यास आरंभ झाला. डोंगर इतका उंच कीं वरून हवेसाठीं विहिरी खणणें अशक्य. आणि वाफेचें इंजिन आंत नेलें तर त्याच्या धुरानेंच माणसें गुदमरावीं. सोमेये नांवाच्या एंजिनिअरानें बाहेरच्या जलप्रवाहाच्या शक्तीनें हवा दाबली, ती वातावरणाच्या पांच-सहापट दाबानें नळांतून आंत नेली, आणि तिच्यावर खडक फोडणारीं यंत्रें चालविलीं. काम करून सुटलेली तीच हवा मजुरांना श्वासासाठीं मिळे. पंचवीस वर्षांचें वाटणारें काम चौदा वर्षांत संपलें. १८७१ च्या सप्टेंबरांत बोगदा खुला झाला. सोमेये त्यापूर्वीं दोनच महिने मरण पावला होता.

या शक्तीला काळी बाजूही होती. हवेच्या हत्यारानें खडक लवकर फुटे, पण त्याची बारीक धूळ मजुरांच्या फुप्फुसांत जाई. अमेरिकेंतील खाणींत अशा कोरड्या यंत्राला विधवा करणारें यंत्र असें नांव पडलें. पोकळ पहारींतून पाणी सोडून धूळ बसविण्याची युक्ति लेनर यानें १८९० नंतरच्या दशकांत काढली. ती सर्वत्र रूढ होईपर्यंत कित्येक घरें उद्ध्वस्त झालीं.

हीच शक्ति घरापर्यंत आली ती लहान वाटांनीं. डनलॉपनें १८८८ सालीं हवा भरलेल्या धांवेचें पेटंट घेतलें, आणि सायकलच्या पंपाच्या रूपानें पहिला कॉम्प्रेसर सामान्य माणसाच्या हातीं आला. पंप मारतांना त्याची नळी तापते. दाबण्यास लावलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेंत वायां जातो, हा धडा तेथेंच मिळतो. पुढें विजेची मोटर आली. रायगड जिल्ह्यांतच खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें व त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. १९५८ सालीं पुण्यांत किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली, आणि कॉम्प्रेसर मराठी मुलखांतच बनूं लागले.

आतां मूळ प्रश्न. घरगुती कारखान्यांतील बहुतेक हत्यारें सुमारे सहा बार, म्हणजे चौरस इंचास ९० पौंड, दाबावर चालतात. हा दाब लहानशा यंत्रालाही गांठतां येतो. म्हणून दाबाचा मोठा आंकडा पाहून भुलूं नये. पाहावयाचें तें हें कीं, त्या दाबावर दर मिनिटास किती घनफूट हवा प्रत्यक्ष बाहेर पडते. पिस्टन ओढतो ती हवा निराळी व नळींतून हातीं येते ती निराळी. जाहिरातींत कित्येकदां पहिलाच आंकडा छापलेला असतो. सामान्यतः एका अश्वशक्तीस तीन ते चार घनफूट हवा मिळते. खिळे ठोकणाऱ्या बंदुकीला फारच थोडी पुरते. नट सोडविणाऱ्या हत्यारास चार-पांच घनफूट लागते, पण तें थांबत थांबत चालतें. होडी घासणारा गोल सँडर मात्र दहा ते बारा घनफूट अखंड मागतो.

दोन अश्वशक्तीचें यंत्र आणि शंभर लिटरची टाकी घेऊन हा सँडर चालविला तर काय होईल? हत्याराची मागणी मिनिटास सुमारे ३१० लिटर, यंत्राची आवक सुमारे २००. टाकींतील दाब आठ बारांवरून सहावर येईपर्यंत तिच्यांतून २०० लिटर हवा मिळते. म्हणजे दोन मिनिटांच्या आंतच सांठा संपतो. पुढें सँडर रेंगाळतो, मोटर विसांव्यावांचून तापत राहते. टाकी हा दुहेरी भात्याचा वरचा कप्पा आहे: ती वारा सांठविते, निर्माण करीत नाहीं. म्हणून सर्वांत अधिक हवा खाणारें हत्यार धरावें, त्याच्या मागणींत चौथा हिस्सा मिळवावा आणि मग यंत्र ठरवावें. अखंड सँडरसाठीं हा हिशेब तीन-चार अश्वशक्तीवर जातो. तेव्हां घरची वीजजोडणी तितका भार सोसेल कीं नाहीं, हें आधीं तपासावें.

समुद्रकांठीं आणखी एक हिशेब असतो. तीस अंश उष्णतेच्या दमट दिवशीं सात घनमीटर हवा दाबून एक घनमीटर केली व ती थंड झाली, कीं तिच्यांतून सुमारे १४० ग्रॅम पाणी निघतें. तें टाकीच्या तळाशीं सांचून लोखंड आंतून खातें. गंजून पातळ झालेली टाकी फुटली तर ती बाँबसारखीच फुटते. तळाची तोटी रोज सोडणें, दाब वाढतांच उघडणारी झडप शाबूत ठेवणें, आणि घासतांना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणें, ह्या गोष्टी यंत्राच्या किमतींतच धराव्या. लोहार रोज संध्याकाळीं भात्याचें कातडें तपासून, चीर दिसली तर शिवून ठेवी. कॉम्प्रेसरच्या धन्यानेंही तेंच करावयाचें आहे.