उसाच्या फडांतील घर

सेलूहून दक्षिणेस निघालें कीं पाथरी लागते, आणि पुढें गोदावरी ओलांडतांच बीड जिल्ह्यांतील माजलगांवचा मुलूख सुरू होतो. सेलूची ख्याति कापसाची. नदीपलीकडे मात्र धरणाच्या पाण्यावर उसाचे फड उभे राहिले. ऊस पुरता वाढला म्हणजे आंतील मनुष्य दहा पावलांवरूनहि दिसत नाहीं. असल्याच फडांच्या आडोशाला एका मराठी चित्रपटानें एका विकृत कुटुंबाची भयकथा रचिली. विशाल फुरिया यांनीं दिग्दर्शित केलेला, २०१७ सालीं प्रदर्शित झालेला ‘लपाछपी’ हा तो चित्रपट होय.

कथा थोडक्यांत अशी : नेहा ही शहरांतील तरुणी आठ महिन्यांची गर्भवती आहे. पतीच्या डोक्यावर कर्ज झाल्यामुळें दोघे गाडीचालकाच्या गांवीं, उसानें वेढलेल्या एका एकाकी घरीं, आश्रयास येतात. घरची बाई मायेनें तिची शुश्रूषा करते. परंतु फडांत मुलें लपाछपी खेळतांना दिसूं लागतात आणि नेहाच्या मनाचा तोल ढळूं लागतो. पूजा सावंत यांनीं नेहाची आणि उषा नाईक यांनीं त्या गृहिणीची भूमिका केली आहे.

मराठी पडद्यास भूत नवें नव्हतें. वसंत जोगळेकर यांच्या १९७६ मधील ‘हा खेळ सावल्यांचा’ ह्या चित्रपटांत नरसूच्या भुताचें भय कसें पसरतें, हें प्रेक्षकांनीं पाहिलें होतें. ‘लपाछपी’मध्यें मात्र भुतें हीं केवळ साक्षीदार आहेत. खरें भय वसतें तें प्रेमळ हातांनीं वाढलेल्या ताटांत आणि वंशाला दिवा हवा ह्या शांतपणें उच्चारलेल्या वाक्यांत. जन्मास आलेल्या मुलीला नाहींशी करणें हा त्या घराचा कुलाचारच होऊन बसलेला आहे.

हा कुलाचार कल्पनेंतून उपजलेला नाहीं. बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याला १७८९ सालीं तिकडील राजकुमार रजपुतांमध्यें स्त्री-बालहत्येची चाल आढळली, आणि त्यानें त्यांच्याकडून ती सोडण्याचा करार लिहून घेतला. हाच डंकन पुढें १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या अमदानींत कर्नल वॉकर यानें काठेवाडांतील जाडेजांकडून तशींच वचनें घेतलीं. १८७० सालीं ह्या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. तो ब्रिटिश मुलखापुरता होता. परभणी आणि बीड हे जिल्हे तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होते.

पुढें काळ पालटला, साधन पालटलें. जन्मानंतरचें कृत्य यंत्राच्या साह्यानें जन्मापूर्वीं उरकलें जाऊं लागलें. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा देशांत सर्वांआधीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. सबंध देशासाठीं तसा कायदा १९९४ सालीं झाला. तरीहि सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुलींचें प्रमाण महाराष्ट्रांत २००१ सालीं ९१३ होतें, तें २०११ च्या जनगणनेंत ८९४ वर आलें. बीड जिल्ह्यांत तर ८९४ वरून ८०७ पर्यंत उतरलें. हे आंकडे वाचल्यावर फडांत खेळणारीं तीं मुलें निव्वळ पडद्यावरचीं राहत नाहींत.

येथेंच ह्या चित्रपटाचें खरें मोल दिसून येतें. कायद्याचा हात उंबरठ्यापर्यंत पोहोंचतो. आंत सासू सुनेस काय सांगते, पति कोणत्या क्षणीं मौन धरतो, तें त्याला ऐकूं येत नाहीं. चित्रपटानें नेमका तो उंबरठा ओलांडला आहे. स्वतः अन्याय सोसलेली स्त्रीच दुसरीवर तोच अन्याय कशी लादते, हें उषा नाईक यांच्या संयत अभिनयांतून उमगतें, आणि क्रौर्य व कारुण्य एकाच मुखावर पाहून मन थरारतें.

फुरिया यांनीं हीच कथा २०२१ सालीं ‘छोरी’ ह्या नांवानें हिंदींत आणली, आणि ती दूरवर पोहोंचली. मूळ मराठी कृतीच्या वाट्यास तेवढी चर्चा आली नाहीं. भयपट म्हटला कीं सुशिक्षित घरें नाक मुरडतात, हेंहि त्याचें एक कारण असावें. परंतु उसाच्या फडांतील तें घर वाटतें तितकें दूर नाहीं. पाळणा हलण्यापूर्वींच मुलगा कीं मुलगी, ह्या विचारानें जें घर अस्वस्थ होतें, तें शहरांतील असो वा सेलूसारख्या गांवांतील, ह्या कथेच्या कक्षेबाहेर नाहीं.