मोकळ्या जागेचे दोन अर्थ : खळवाडी व सामासिक अंतर

व्यापाराचा माल उघड्यावर कोठे ठेवावा याचे नियम आपल्याकडे आधुनिक नगररचनेनेच प्रथम आणले, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्यास सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हे गाव सोयीचे आहे. पूर्वी ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली असलेल्या या तालुक्याच्या गावी आता नगरपंचायत आहे; त्यामुळे ग्रामव्यवस्था व नगरनियम या दोहोंचा विचार येथे एकत्र करता येतो.

देशावरील गावाचे पांढरी व काळी असे दोन भाग मानले जात. पांढरी ही वस्तीची जमीन, काळी ही पिकाची. वस्तीच्या कडेला खळवाडी असे. 'खळे' हा शब्द संस्कृत 'खल' या शब्दापासून आला असून मळणीची जागा या अर्थी तो ऋग्वेदातही आढळतो. मळणी, उफणणी, धान्याची रास आणि कडब्याची गंजी यांचे स्थान खळवाडीत होते. घरांपासून गंजी दूर ठेवण्यात आगीचे भय टाळण्याचा हेतू उघड आहे. केरकचऱ्यास उकिरडा होता, वाण्याच्या मालास वखार होती. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालील पेवांत साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांपैकी अनेक पेवांची हानी झाली. तात्पर्य, ज्या त्या मालास ठरलेली जागा होती आणि त्या जागेस स्वतंत्र नाव होते. नियम लिहिलेला नव्हता. तो या शब्दांतच सामावलेला होता.

लिखित नियमांचा उगम निराळा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व दाट वस्तीत हवा आणि उजेड खेळता ठेवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा न्यास स्थापन झाला. १९१५ साली मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर पेट्या, गासड्या वा विक्रीचा माल ठेवणे दंडनीय ठरविले. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने जमिनीच्या वापरातील महत्त्वाच्या बदलासही 'विकास' म्हटले. म्हणजे एकही वीट न रचता राहत्या भूखंडाचे लोखंडाच्या अड्ड्यात रूपांतर केले, तरी तो कायद्याच्या दृष्टीने विकासच होय. २०२० साली मुंबईसारखे काही अपवाद वगळून बहुतेक राज्यास एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. इमारतीभोवतीचे 'सामासिक अंतर' आकाशास खुले ठेवावे, असे ती सांगते.

येथे 'मोकळी' या शब्दाचा अर्थ पालटलेला दिसतो. खळवाडी मोकळी होती ती काम करण्यासाठी. सामासिक अंतर मोकळे असते ते रिकामे राहण्यासाठी. 'समास' म्हणजे पानाची कोरी कड. हवा, उजेड व अग्निशामक गाडी यांसाठी ही कड कोरी राहणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु ठिबक सिंचनाच्या नळ्या, बांबू वा लोखंडी सळ्या विकणाऱ्या दुकानदारास तीच जागा खळ्यासारखी वाटते. त्याचा माल बंद खोलीत मावत नाही आणि गावाने त्यास दुसरी जागा नेमून दिलेली नसते. मग माल रस्त्याच्या कडेला येतो. पादचाऱ्याची वाट जाते व दुकानदार दोषी ठरतो.

या भागातील बेदाण्याचा व्यवसाय या दृष्टीने उद्बोधक आहे. द्राक्षे वाळविण्याच्या शेड बाजूंनी उघड्या असतात, कारण त्यांत कोरडा वारा खेळावा लागतो. त्या वस्तीत न राहता माळावर उभ्या राहिल्या. वस्तीबाहेरची, वाऱ्याची, कामाची जागा या अर्थाने त्या खळ्याच्याच वंशातील आहेत.

'गावठाण' हा मराठी शब्द इंग्रजी कायद्यांनी जसाच्या तसा स्वीकारला. खळवाडीस मात्र तो मान मिळाला नाही. नव्या विकास आराखड्यात अवजड मालासाठी सामाईक आवार राखून ठेवले, तर ती उणीव भरून निघेल. माल कोठे ठेवू नये हे सांगणारा नियम तो कोठे ठेवावा हेही सांगेल, तरच तो पाळला जाण्याची आशा धरता येईल.