चित्रपटगृहांचे पुनरुज्जीवन आणि वारसाजतन : मुंबईतील तीन उदाहरणे आणि धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचा विचार

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील त्रिविक्रम मंदिर वास्तुइतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. विटांनी बांधलेली, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावे आणि पुढे तिचे वैष्णव मंदिरात रूपांतर झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. विटांची इतकी प्राचीन बांधकामे दख्खनमध्ये फारच थोडी उरली आहेत. त्रिविक्रम मंदिर टिकले याचे मुख्य कारण त्याचा वापर थांबला नाही हे होय. दैवत बदलले, विधी बदलले. तथापि वास्तूत माणसांचा वावर राहिला आणि वावर राहिला म्हणून डागडुजीही होत राहिली.

वास्तूचा उपयोग बदलून ती टिकवता येते, हे या उदाहरणावरून दिसते. परंतु उपयोग बदलताना वास्तूचा कोणता भाग टिकतो आणि कोणता गमावला जातो, हा प्रश्न त्याबरोबरच उपस्थित होतो. विसाव्या शतकातील चित्रपटगृहांच्या बाबतीत हा प्रश्न आज विशेष तीव्र झाला आहे. एकपडदा चित्रपटगृहे राज्यभर बंद पडत आहेत. काही पाडली गेली, काहींची गोदामे वा मंगल कार्यालये झाली, तर मोजक्या वास्तूंचे वारसामूल्य जपून नूतनीकरण करण्यात आले. अशा नूतनीकरणाची ठळक व सुपरिचित उदाहरणे मुंबईत आहेत. त्यांपैकी तीन उदाहरणांचा परामर्श घेऊन त्यातून जिल्हा पातळीवर कोणता बोध घेता येतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चित्रपटगृहाचा वारसा म्हणजे काय?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये झळकला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील या दोन महत्त्वाच्या घटना ज्या चित्रपटगृहांत घडल्या, त्या कॉरोनेशन आणि मॅजेस्टिक या दोन्ही वास्तू आज अस्तित्वात नाहीत. चित्रपटांची जपणूक करण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. चित्रपट जेथे पाहिले गेले त्या वास्तूंकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

चित्रपटगृहाच्या वारशाचे स्थूलमानाने चार घटक सांगता येतात. पहिला घटक दर्शनी भागाचा : मनोरा, नावाची उभी अक्षरे, रस्त्यावरून दिसणारी आकृती. दुसरा प्रवेशदालनाचा : जिने, फरशी, भित्तिशिल्पे, झुंबरे, तिकीटखिडकी. तिसरा घटक प्रत्यक्ष सभागृहाचा. पडदा, बाल्कनी, छताची उंची व ध्वनियोजना यांमुळे निर्माण होणारा एकसंध अवकाश हे त्याचे वैशिष्ट्य होय. चौथा घटक तंत्राशी निगडित आहे. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती. त्यामुळे प्रक्षेपण कक्ष सभागृहापासून अग्निरोधक भिंतीने वेगळा केला जाई आणि त्याच्या झरोक्यांना धातूच्या झडपा असत. ही कोंदट खोली दिसायला सामान्य असली तरी चित्रपटगृहाला नाट्यगृहापासून वेगळे करणारा तो वास्तुघटक आहे.

या चार घटकांना प्रेक्षकांची जोड दिल्याशिवाय वारशाचे चित्र पूर्ण होत नाही. पिटातील स्वस्त तिकिटापासून बाल्कनीपर्यंत निरनिराळ्या थरांतील माणसे एकाच छताखाली, एकाच वेळी, एकच खेळ पाहत. दरांनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या असल्या तरी अवकाश एकच होता. पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन करताना हा सामाजिक आशय वगळून चालणार नाही.

तीन उदाहरणे, तीन मार्ग

रॉयल ऑपेरा हाउस : गिरगावातील या वास्तूची कल्पना कलकत्त्याचे रंगभूमी व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका यांनी १९०८ मध्ये मांडली. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम पूर्ण झालेले नव्हते. युरोपीय बरोक शैली, घुमटाकार छत आणि झुंबरे यांनी नटलेल्या या रंगमंदिरात पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ आणि पृथ्वीराज कपूर यांचे प्रयोग झाले. १९३० च्या दशकात आयडियल पिक्चर्स या संस्थेकडे वास्तू आल्यावर चित्रपटगृहाच्या सोयीसाठी अंतर्भागात फेरफार करण्यात आले. १९५२ मध्ये ती गोंडलच्या महाराजांनी घेतली आणि १९९३ मध्ये ती बंद पडली. २००८ पासून वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली जतनाचे काम सुरू झाले. २०१२ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेच्या जोखमीच्या वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने ती पुन्हा खुली झाली आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसाजतन पुरस्कारांत तिला गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

या कामात आधी छत व मूळ सांगाडा आणि नंतर अंतर्गत सजावट, असा क्रम पाळला गेला. जुनी छायाचित्रे व कागदपत्रे यांच्या आधारे हरवलेल्या तपशिलांचा शोध घेण्यात आला. या जतनाने मुख्यत्वे १९३० पूर्वीचे रंगमंदिर परत आणले आणि चित्रपटगृह म्हणून वास्तूने काढलेली पाच-सहा दशके दुय्यम ठरली. अनेक कालखंडांचे थर असलेल्या वास्तूत कोणता काळ ‘मूळ’ मानावयाचा, हा निर्णय तांत्रिक नसून इतिहासदृष्टीचा असतो, हे येथे लक्षात येते. आज तेथे सुमारे पावणेसहाशे आसने आहेत आणि संगीत, नाट्य व निवडक चित्रपट यांसाठी तिचा वापर होतो. वास्तू सर्वार्थाने वाचली. रोजच्या खेळांना येणारा सामान्य प्रेक्षक मात्र परतला नाही.

मेट्रो : मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीने १९३८ मध्ये धोबीतलाव परिसरात हे चित्रपटगृह उभारले. त्याची रचना थॉमस लँब यांची होती. अंतर्भागातील भित्तिचित्रे सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी चार्ल्स जेरार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली रंगविली. फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा १९५४ मध्ये येथेच झाला. २००६ मध्ये या वास्तूचे सहा पडद्यांच्या बहुपडदा चित्रपटगृहात रूपांतर झाले. रस्त्यावरून दिसणारी तिची आकृती कायम राहिली, परंतु एकसंध सभागृहाचे विभाजन झाले. चित्रपटगृह हा उपयोग मात्र टिकला.

इरॉस : चर्चगेट स्थानकासमोरील ही वास्तू शियावक्स कंबाटा यांनी उभारली आणि सोराबजी भेदवार यांनी तिची रचना केली. १९३८ मध्ये ती खुली झाली. आग्र्याचा लाल वालुकाश्म व पिवळसर रंग यांची संगती, कोपऱ्यावरचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा आणि काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे प्रवेशदालन ही तिची वैशिष्ट्ये होत. तिचे मूळ सभागृह १२०० हून अधिक आसनांचे होते. २०१७ मध्ये चित्रपटगृह बंद पडले. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि इरॉस त्याच समूहात मोडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ३०० आसनांचे आयमॅक्स चित्रपटगृह म्हणून ते पुन्हा सुरू झाले. बाह्यरूप व प्रवेशदालन जपले गेले. सभागृह मात्र नवे आहे आणि आसनसंख्या मूळच्या सुमारे पाव हिश्श्यावर आली आहे.

कायद्याची कक्षा

या तिन्ही उदाहरणांत दर्शनी भाग सर्वांत सुरक्षित राहिला आणि सभागृह सर्वाधिक बदलले. याची कारणे अर्थकारणात तर आहेतच, पण काही अंशी नियमांच्या रचनेतही आहेत. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. तिच्यातील पहिल्या श्रेणीत अंतर्बाह्य हस्तक्षेपाला जवळजवळ मज्जाव आहे. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणींत मात्र छाननीच्या अधीन राहून अंतर्गत फेरबदल आणि नवा उपयोग यांना वाव आहे. रस्त्यावरून जे दिसते त्याचे रक्षण नियम अधिक काटेकोरपणे करतात. चित्रपटगृहाचा प्राण असलेला एकसंध अंतर्गत अवकाश या रक्षणातून निसटण्याची शक्यता राहते.

असे असले तरी या नियमावलीचे एक मोठे श्रेय मान्य करावे लागते. वास्तूचे नाव यादीत आहे म्हणून ती परस्पर पाडता येत नाही आणि बदलापूर्वी विचारणा करावी लागते. यादी हा जतनाचा पहिला टप्पा होय.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्यात वारसा म्हटला की तेर, धाराशिव लेणी, नळदुर्ग, परंडा आणि तुळजापूर ही नावे घेतली जातात. ते योग्यच आहे. राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपनासाठी शासनाने २००७ मध्ये आणलेल्या योजनेत पुढे नळदुर्ग किल्ला खाजगी सहभागातून देखभालीसाठी देण्यात आला. स्मारकाचा वापर व देखभाल यांची सांगड घालण्याचा हा प्रयोग जिल्ह्याला अपरिचित नाही. परंतु ही योजना अधिसूचित स्मारकांपुरती आहे. विसाव्या शतकातील सार्वजनिक वास्तू, म्हणजे चित्रपटगृहे, वाचनालये, जिनिंग कारखाने, या चौकटीत सहसा येत नाहीत.

मराठवाड्याचा चित्रपटदर्शनाचा इतिहास मुंबईपेक्षा वेगळा आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. पक्क्या चित्रपटगृहांच्या बरोबरीने जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या टॉकीजने ग्रामीण महाराष्ट्राला चित्रपट दाखविला. या परंपरेच्या अखेरच्या पर्वावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरविला गेला. तंबूची वास्तू टिकत नाही. तिचा वारसा केवळ नोंदींतूनच जपता येतो. पक्क्या चित्रपटगृहांनाही वेळीच नोंदले नाही, तर त्यांची गत याहून निराळी होणार नाही.

या नोंदींसाठी साधने उपलब्ध आहेत. १९५३ च्या चित्रपटगृह विनियमन कायद्यानुसार जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. परवान्यासाठी इमारतीचे नकाशे, आसनसंख्या, बांधकाम व विद्युत तपासणीची प्रमाणपत्रे सादर करावी लागतात. हे दप्तर म्हणजे जिल्ह्यातील चित्रपटगृहांचा लिखित इतिहासच होय. बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या संचिका मुदत संपल्यावर निकाली निघण्यापूर्वी त्यांचा अभ्यास होणे निकडीचे आहे. जाहिरातपत्रके, तिकिटांची स्थळपुस्तके, छायाचित्रे आणि प्रक्षेपक चालकांच्या मुलाखती यांची त्याला जोड देता येईल. प्रक्षेपण डिजिटल झाल्यापासून फिल्मची यंत्रे चालविणारी पिढी या व्यवसायातून बाहेर पडली आहे. तिच्याकडील ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही.

जतनाच्या प्रत्यक्ष कामात या जिल्ह्याने सुरक्षिततेचा प्रश्न अग्रक्रमाने विचारात घेतला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी केलेला घात उमरगा-लोहारा परिसर विसरलेला नाही. जुनी भिंत जपावी, असे सांगताना ती सुरक्षित कशी होईल, हेही सांगावे लागते. भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बसविणे, तसेच भिंतींना सलग आडवे पट्टे देणे हे उपाय पुढे आले. दगडी चित्रपटगृहांनाही ते लागू पडतात. आगीच्या बाबतीत १९९७ ची दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाची दुर्घटना, ज्यात ५९ जणांचा बळी गेला, आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग पुरेशी बोलकी आहे. शाहू महाराजांच्या काळातील, शंभराहून अधिक वर्षे उभी असलेली ती वास्तू काही तासांत होरपळली. विद्युत यंत्रणेची तपासणी आणि बाहेर पडण्याचे मोकळे मार्ग हा वारसाजतनाचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

मुंबईतील तीन उदाहरणांत ऑपेरा हाउसने वास्तू जपली पण प्रेक्षक बदलला. मेट्रोने उपयोग जपला पण सभागृह विभागले. इरॉसने बाह्यरूप व प्रवेशदालन जपले पण आसने घटविली. प्रत्येक मार्गात काहीतरी गमवावे लागले. जपणूक म्हणजे काय गमावता येईल याची जाणीवपूर्वक केलेली निवड होय, आणि वास्तूत काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज अशी निवड करता येत नाही.

मुंबईत ही निवड यादी, नकाशे आणि जुनी छायाचित्रे यांच्या आधारे करता आली. तालुक्याच्या गावी असा आधार नसेल तर पाडापाडीच्या दिवशी विचारणा करणारेही कोणी नसते. ऑपेरा हाउससारखा खर्च जिल्ह्याला पेलणार नाही; मात्र प्रत्येक तालुक्यातील चित्रपटगृहांचे मोजमाप, छायाचित्रण, परवाना-संचिकांचे वाचन आणि प्रेक्षकांच्या आठवणींचे संकलन हे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून त्याची सुरुवात होऊ शकते. तेरच्या त्रिविक्रम मंदिराला वावराने तारले. बंद पडलेल्या चित्रपटगृहांत तूर्त वावर नाही. तो परत येईपर्यंत, आणि कदाचित न आला तरीही, त्यांची विश्वासार्ह नोंद करणे हे जिल्ह्यातील इतिहासाच्या अभ्यासकांचे आजचे कर्तव्य आहे.