घरासाठी स्मार्ट लॉक घेताना काय पाहावे? गोराईसारख्या खाडीकाठच्या वस्तीत कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या?

स्मार्ट लॉक म्हणजे चावीऐवजी बोटाचा ठसा, पिन, कार्ड किंवा मोबाइलने उघडणारे बॅटरीवरचे कुलूप. सहा-सात हजारांपासून तीस हजारांच्या पुढेही त्याच्या किमती जातात. जाहिरातीत 'एका कुलपात सात प्रकारे उघडण्याची सोय' असे लिहिलेले असते आणि खरेदी बहुधा त्या आकड्यावरच होते. प्रत्यक्षात कुलूप टिकेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते. ते कोणत्या दरवाजावर बसणार, कोणत्या हवेत राहणार आणि घरातले कोण ते वापरणार.

मुंबईतील गोराई हे याचे चांगले उदाहरण आहे. इथे गोराई दोन आहेत. एक बोरिवली पश्चिमेची म्हाडा वसाहत. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ ते १९९४ या काळात राबवलेल्या प्रकल्पात चारकोप, मालवणीसोबत इथेही भूखंड आखून दिले गेले. त्यातून दाटीची बैठी घरे आणि लहान सोसायट्या उभ्या राहिल्या. दुसरे खाडीपलीकडचे गोराई गाव. तिथे जुनी घरे आणि समुद्राजवळचे बंगले आहेत. दोन्हीकडे हवा खारी, पण गरजा वेगळ्या.

आधी दरवाजा मोजा

स्मार्ट लॉकचे दोन मुख्य प्रकार आहेत. मॉर्टिस लॉक दरवाजाच्या जाडीत खाच पाडून आत बसते. त्याला हँडल असते आणि ते अधिक भक्कम मानले जाते. रिम लॉक दरवाजाच्या आतल्या बाजूला वरून बसते, जुन्या लॅचसारखे.

बऱ्याच घरांतले फ्लश डोअर ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचे असते. अनेक मॉर्टिस लॉकना याहून जाड दरवाजा लागतो. पातळ दरवाजात खाच पाडली तर तिथेच लाकूड कमकुवत होते आणि लाथेने तुटते. अशा दरवाजाला रिम लॉक बरे. म्हणून खरेदीआधी दरवाजाची जाडी, चौकटीपर्यंतचे अंतर आणि दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, हे मोजून विक्रेत्याला सांगावे.

बाहेर लोखंडी जाळीचा सेफ्टी डोअर असेल तर दोन दरवाजांमधले अंतर पाहावे. हँडल पुढे आले की जाळीचा दरवाजा बंदच होत नाही. भाड्याच्या घरात खाच पाडण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी.

खारी हवा आणि पावसाळा

गोराईत कुलपाला चोराइतकीच काळजी हवेची. खाऱ्या दमट हवेत साधे लोखंड आणि हलका मुलामा लवकर गंजतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ हे दोन दर्जे नेहमी दिसतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला जास्त तोंड देते. समुद्राजवळच्या बंगल्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

बैठ्या घरांत दरवाजा थेट गल्लीत उघडतो आणि पावसाची झड कुलपावर येते. तिथे आयपी मानांकन विचारावे. आयपी६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याला कुलूप टिकते. मात्र ही चाचणी गोड्या पाण्याने होते. गंजाबद्दल ती काही सांगत नाही. वर छोटा पत्रा किंवा छज्जा असला तर कुलपाचे आयुष्य वाढते.

पावसाळ्यात लाकडी दरवाजा फुगतो, हा सगळ्यांचा अनुभव. साध्या लॅचला आपण दरवाजा ओढून जोर देतो. स्मार्ट लॉकची मोटर तसे करू शकत नाही. बोल्ट चौकटीत घासला की मोटरवर ताण येतो, बॅटरी लवकर उतरते आणि कधी कुलूप लागलेच नाही हे कळतही नाही. म्हणून कुलूप बसवण्याआधी सुताराकडून दरवाजा रंधून घ्यावा आणि बिजागऱ्या घट्ट करून घ्याव्यात.

बोट, पिन की कार्ड?

रेशन दुकानात अंगठा न जुळण्याचा त्रास अनेकांना माहीत आहे. तोच त्रास घराच्या दारातही होऊ शकतो. ज्येष्ठांची, धुणीभांडी करणाऱ्यांची, जाळी ओढणाऱ्यांची बोटे झिजलेली असतात. ओल्या बोटाचा ठसाही नीट उमटत नाही. घरातल्या सर्वात वयस्कर व्यक्तीचा ठसा दुकानातच पाच-सहा वेळा तपासून पाहावा. प्रत्येकाची दोन्ही हातांची एकेक बोटे नोंदवावीत.

पिन सगळ्यांना जमतो, पण मागे उभ्या माणसाला दिसतो. खऱ्या पिनच्या आधी-नंतर कोणतेही आकडे दाबू देणारी सोय असेल तर घ्यावी. कार्ड लहान मुलांना सोपे, मात्र काही जुन्या प्रकारच्या कार्डांची नक्कल करता येते. हरवलेले कार्ड त्याच दिवशी रद्द करावे.

घरकामाच्या ताईंना स्वतंत्र पिन द्यावा. काम सुटले की तेवढाच पिन बदलतो, कुलूप नाही. गावातला बंगला पाहुण्यांना देणाऱ्यांसाठी ठरावीक दिवस चालणारा पिन हाच सर्वात मोठा फायदा आहे.

बॅटरी उतरली तर?

घरातली वीज गेल्याने हे कुलूप अडकत नाही. ते सहसा चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडून मुंबईची वीज गेली, तशा वेळीही बोट आणि पिन चालतात. बंद पडते ते वाय-फाय आणि त्यावरून दुरून उघडण्याची सोय.

बॅटरी संपत आली की कुलूप आवाज करते. तिकडे दुर्लक्ष झाले तर बाहेरून वीज देण्याची सोय लागते. काही मॉडेलना ९ व्होल्टची बॅटरी टेकवावी लागते, काहींना पॉवर बँक जोडता येते. यापैकी एक सोय आणि साधी चावी, दोन्ही असलेले कुलूपच घ्यावे. ती चावी घरात ठेवून उपयोग नाही. ती शेजारी किंवा जवळच्या नातेवाइकांकडे असावी.

गोराई गावात हे विशेष लक्षात ठेवावे. चावीवाला किंवा कंपनीचा माणूस बोरिवलीहून बोटीने येणार, नाहीतर भाईंदर-उत्तनमार्गे लांबचा फेरा मारून. त्यामुळे सेवा गावापर्यंत मिळते का, हे आधीच विचारावे.

आतली कडी विसरू नका

अनेक घरांत स्मार्ट लॉक लागते, पण जुनी आतली कडी तशीच राहते. एकटे राहणारे आई-वडील सवयीने ती लावतात. ते घरात पडले, तर मुलांकडे पिन असूनही दरवाजा उघडत नाही. शेवटी तो तोडावाच लागतो.

कुलपातील 'आतून बंद'चे बटणही असेच काम करते. ते लावलेले असताना चावी किंवा मुख्य पिन चालतो का, हे विकत घेण्याआधी करून पाहावे. ज्येष्ठ एकटे असतील तर दिवसा कडी न लावता कुलपावरच विसंबणे योग्य. आग लागल्यास आतून एका हालचालीत, बॅटरी नसतानाही दरवाजा उघडला पाहिजे.

इंटरनेट खरंच हवे का?

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना सुरू केला. तसले कुलूप एकदा विकले की त्याला कारखान्याची गरज उरत नसे. इंटरनेटचे कुलूप मात्र कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेले राहते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट कंपनीच्या चुकीच्या अपडेटमुळे सुमारे ५०० कुलपांचे पिन चालेनासे झाले. साध्या चावीनेच ती उघडता आली. २०१६ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन परिषदेत दोन संशोधकांनी तपासलेल्या १६ पैकी १२ ब्लूटूथ कुलपे उघडून दाखवली होती.

दुरून दार उघडायची गरज नसेल तर वाय-फाय नसलेले कुलूप स्वस्त पडते आणि बॅटरीही जास्त टिकते. वाय-फाय घ्यायचेच असेल तर अ‍ॅपला स्वतंत्र, अवघड पासवर्ड ठेवावा. बोटाचे ठसे कुलपातच साठतात की बाहेर जातात, हे विचारावे.

चोरी झाली तर विमा मिळेल का?

घरफोडीच्या अनेक पॉलिसींमध्ये बळजबरीने प्रवेश ही अट असते. तशी व्याख्या असलेल्या पॉलिसीत, बळाचा वापर झाल्याशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या प्रकरणात स्पष्ट केले. कोणी माहीत असलेला पिन वापरून आत आले तर दरवाजावर ओरखडाही नसतो. म्हणून पॉलिसीतील व्याख्या वाचावी आणि प्रत्येकाला वेगळा पिन द्यावा. कोणत्या पिनने दार केव्हा उघडले, याची नोंद ठेवणारे कुलूप पोलीस तपासात उपयोगी पडू शकते.

खरेदीपूर्वी थोडक्यात

- दरवाजाची जाडी, जाळीच्या दरवाजाचे अंतर मोजले का?
- साधी चावी आणि बाहेरून वीज देण्याची सोय आहे का?
- घरातील ज्येष्ठांचा ठसा जुळतो का?
- गंजाला वॉरंटी लागू आहे का? ती लेखी घ्यावी.
- बसवणारा माणूस कंपनीचा आहे का, दुरुस्तीला किती दिवस लागतात?
- बसवल्यावर मूळ फॅक्टरी पिन बदलला का?

वॉरंटी नाकारली गेली तर बिल आणि फोटो जपून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.