राखाडी कोट

उठा, कोट चढवा. जुलै महिना आहे आणि कोट लोकरी आहे, पण इलाज नाही. साल १८६१, जागा व्हर्जिनिया, अमेरिकेतलं यादवी युद्ध. तुम्ही उत्तरेच्या फौजेतले, विस्कॉन्सिनच्या दुसऱ्या पलटणीतले नवखे शिपाई. कोटाचा रंग राखाडी. समोरच्या दक्षिणेकडच्या कित्येकांचाही तोच. असू दे, आत्ता कोण बघतंय?

वॉशिंग्टनहून निघालात तेव्हा तर सगळी जत्राच होती. रस्त्याकडेला ब्लॅकबेरी दिसली की रांग सोडून झुडपात शिरायचं आणि जांभळी तोंडं घेऊन परतायचं. ब्रिगेडचा प्रमुख कर्नल शर्मन, तांबड्या केसांचा किडकिडीत गडी, ओरडून दमला. ऐकतंय कोण!

आज रविवार. रात्री अडीचलाच निघालात आणि बुल रन ओढ्याच्या दगडी पुलाजवळ येऊन बसलात. नुसते बसलात. दुपार झाली, पाठीला घामोळं आलं, बाटलीतलं पाणी संपलं. अखेर हुकूम आला. सकाळी शत्रूचा घोडेस्वार जिथून ओढा उतरला, ती जागा शर्मननं हेरून ठेवली होती. तिथूनच तुम्ही पार होता. बुटांत पाणी, पुढे चढ.

टेकडीवर हेन्रीबाईंचं घर आहे. अंथरुणाला खिळलेली ही म्हातारी आजच तोफगोळ्यानं गेली. काडतुसाचा कागद दातांनी फाडा. दारू जिभेला खारट लागते, दातांत कचकचते. धुरात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पलीकडे कुठेतरी दक्षिणेचा सेनानी जॅक्सन आपली माणसं घेऊन अडून बसलाय. त्याच्याच बाजूचा जनरल बी त्याला दगडी भिंत म्हणाला, ते आजच. कौतुकानं की वैतागून, यावर लोक अजून भांडतात. बी स्वतः जखमी होऊन मेला, आता विचारणार कुणाला!

पण तुमचं लक्ष तिकडे कुठलं? गोळ्या पाठीमागून येताहेत. ‘अरे, आपलेच मारताहेत!’ हा कोट बघून!

मग पळापळ. खालच्या रस्त्यावर बग्ग्यांची दाटी आहे. लढाई बघायला वॉशिंग्टनहून मंडळी आली होती, डबे आणि दुर्बिणी घेऊन. घोडे खिंकाळताहेत, गाडीवान शिव्या देताहेत, कब रन ओढ्याच्या पुलावर एक गाडी आडवी पडली आहे. तुम्ही ओढ्यातच उतरता आणि ओंजळीनं गढूळ पाणी पिता. काळ्या ओठांना तेही गोड लागतं. मग कोट काढून झुडपात भिरकावता. अंग एकदम हलकं होतं.

पहाटे वॉशिंग्टनच्या वाटेवर पाऊस लागतो. सदरा अंगाला चिकटतो, दात वाजायला लागतात. कोट आठवतो.