लेप आणि रंग : वरुडच्या निळ्या खोडांविषयी

अमरावतीहून मोर्शीमार्गे वरुडकडे जाताना मे महिन्याच्या अखेरीस संत्र्याच्या बागांमध्ये झाडांची खोडे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत फिकट निळी झालेली दिसतात. परक्यास हे एखाद्या चित्रकाराचे काम वाटावे. वास्तविक तो मोरचूद आणि चुन्याचा लेप आहे. ‘लेप’ या शब्दात शृंगार आणि औषध असे दोन्ही अर्थ नांदतात; या लेपाच्या इतिहासातही ते असेच एकमेकांत मिसळलेले आहेत.

फ्रान्समधील बोर्दो प्रांतात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून नेत. ती विषारी भासावीत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडीत. 1882 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आले की, केवड्या रोगाने इतर वेलींची पाने गळाली असता या वेली मात्र हिरव्या आहेत. प्रयोगांती 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केले. भिवविण्यासाठी लावलेला रंग असा औषध ठरला.

वऱ्हाडात त्याची गरज वेगळी. येथील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत फायटोप्थोरा ही बुरशी बळावते. खोडाची साल फुटून डिंक ओघळतो आणि वर्षानुवर्षे जपलेले झाड वाळून जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खोडास बोर्डो मलम लावतात : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही पदार्थ वेगवेगळे भिजवून मग एकत्र करतात. धातूचे भांडे वर्ज्य. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालतात, कारण ते साल जाळते.

ऑस्ट्रेलियातील शिल्पकार कॉन्स्टँटिन डिमोपुलोस यांनी 2011 साली कॅनडातील व्हँकुव्हर परिसरात जिवंत झाडे गडद निळी रंगविली. जंगलतोडीकडे लक्ष वेधणे हा त्यांचा हेतू. त्यांनीही झाडास निर्धोक आणि पावसाने धुऊन जाईल असाच रंग निवडला. आपल्याकडील कलाप्रकल्पांत मात्र हाती येईल तो तेलरंग खोडांवर फासला जातो. साल श्वास घेते ती वल्करंध्रे त्याने बुजतात. त्यातील द्रावक कोवळ्या सालीस इजा करतो.

बागाइतदाराचा लेपही सर्वथा निर्दोष नव्हे; बोर्दोच्याच मळ्यांत पिढ्यान्पिढ्यांच्या फवारणीने मातीत तांबे साठले आहे. तेव्हा मोरचुदाची निळाई कलेसाठी उसनी घ्यावी, असे आम्ही सुचवीत नाही. खिळा बुडवून पाहण्याची ती सवय मात्र जरूर घ्यावी. झाडास काय सोसते हे ज्यास विचारावयाचे नसेल, त्याने भिंत रंगवावी.