मेंदूतला गारवा आणि मनूचा डाग

उमेळे असो की जूचंद्र, वाडी असो की चाळ, कुणाला फिट आली की आजही पहिली धाव चपलेकडे जाते. चप्पल नाहीतर कांदा हुंगवायचा, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा, तोंडावर तांब्याभर गार पाणी मारायचं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं. चपलेबद्दल आम्हाला इथे काही बोलायचं नाही, ती पायातच बरी. गार पाण्याबद्दल मात्र बोलायचं आहे, कारण गारव्याने फिट थांबते ही गोष्ट खरी आहे. फक्त तो गारवा कवटीच्या आत पोहोचावा लागतो. बाहेरून पाणी मारून डोकं भिजतं, आतला मेंदू ३७ अंशांवरच राहतो, आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी गेलं तर जीवावर बेततं. त्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठावा. एवढंच करायचं असतं.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. त्यातला एखादा गट बेताल होऊन एकदम पेटतो आणि आजूबाजूच्यांना ओढतो, तेव्हा फिट येते. पेशी थंड केल्या की हे संदेश मंदावतात. मेंदू उघडा ठेवून शस्त्रक्रिया करताना मधेच झटका आला, तर बर्फासारखं थंड क्षारयुक्त पाणी त्या जागेवर ओतलं की तो काही सेकंदांत थांबतो, असं सार्टोरियस आणि बर्जर या डॉक्टरांनी १९९८ मध्ये अमेरिकेत नोंदवलं. आज ही पद्धत जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत वापरली जाते. मग प्रश्न आला की हा गारवा माणसाच्या डोक्यात कायमचा बसवता येईल का?

ज्या तत्त्वावर हे उपकरण उभं आहे ते जुनं आहे. १८३४ मध्ये झां पेल्तिए या फ्रेंच माणसाला दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. गाडीत ठेवायच्या छोट्या फ्रीजमध्ये हेच असतं. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यांग आणि रॉथमन यांनी अशी चकती उंदरांच्या मेंदूवर टेकवली. २००१ च्या त्यांच्या प्रयोगात मिनिटाहून जास्त चालणारे झटके मेंदूचा तेवढा भाग २०-२५ अंशांपर्यंत आणताच काही सेकंदांत थांबू लागले. जपानमध्ये यामागुची विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पुढे जाऊन शस्त्रक्रियेच्या वेळी माणसांच्या मेंदूवर हा प्रयोग केला. घोडं अडलं आहे ते दुसऱ्या बाजूच्या उष्णतेपाशी. एक बाजू गार झाली की दुसरी तापणारच, ती उष्णता डोक्याबाहेर न्यायची कशी? शिवाय रक्त सतत वाहून ती जागा पुन्हा गरम करतं, म्हणून बॅटरी लवकर संपते. यामुळे असं उपकरण अजून कुठल्याही देशात रोजच्या उपचारात आलेलं नाही.

आमचं लक्ष सर्वात जास्त वेधलं ते सिएटलच्या एका कामाने. दाम्ब्रोझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की डोक्याला मार बसलेल्या उंदरांच्या मेंदूची जखमी जागा जेमतेम दोन अंशांनी गार ठेवली, तरी पुढे येणारे झटके रोखता येतात. त्यासाठी बॅटरीही लागली नाही. उष्णता बाहेर वाहून नेणारा साधा धातूचा तुकडा पुरला. माणसांवर हे सिद्ध व्हायचं आहे. पण बांधकामाच्या परातीवरून पडणारा, दुचाकीवरून फेकला जाणारा, डोक्याला मार बसून वर्षाने फिट सुरू होणारा माणूस कोणत्या वस्तीतला असतो, हे वसई-नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

कंपवातात गारव्याचा प्रयोग याच्याही आधी झाला होता. न्यूयॉर्कच्या आयर्विंग कूपर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला द्रव नायट्रोजनने थंड होणारी नळी मेंदूच्या खोल भागात नेली. रुग्ण जागा असायचा. आधी थोडा गारवा द्यायचा आणि त्याला हात पुढे करायला सांगायचं. थरथर थांबली, बोलणं शाबूत राहिलं, तरच पुढे जाऊन तेवढी जागा गोठवून कायमची मारायची. नंतर लेव्होडोपा हे औषध आलं, १९८७ पासून मेंदूत तार बसवून वीज देण्याची पद्धत सुरू झाली, आणि गोठवणं मागे पडलं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. जो रोग गारव्याने थांबतो, औषधाच्या गोळीने थांबतो, ज्याची जागा मेंदूत बोट ठेवून दाखवता येते, तो कुळाचा डाग कसा झाला?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कोणती कुळं टाळावीत याची यादी आहे. कितीही श्रीमंत असली तरी ही दहा कुळं वर्ज्य. त्यात केसाळ माणसांचं कूळ आहे, मूळव्याधीचं आहे, क्षयाचं आहे, कुष्ठाचं आहे आणि अपस्माराचंही आहे. म्हणजे एका माणसाला फिट येते म्हणून त्याच्या बहिणीचं, पुतणीचंसुद्धा लग्न नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवायची आणि तो डाग पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा, ही जातीचीच रीत आहे. मनूने ती रोगालाही लावली.

याच्या अगदी उलट सांगणारा मजकूर आपल्या वसई तालुक्यातच सापडला आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा. हा नववा लेख सांगतो की माणसं आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात आणि त्यातून फारसं हाती लागत नाही. नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, जिवांबाबत संयम यांनीच फळ मिळतं. (त्यात बायकांवर जास्त ठपका ठेवला आहे, तो आम्ही मानत नाही.) आजारपण आणि लग्न ही नेमकी तीच दोन ठिकाणं, जिथे फिट येणाऱ्या मुलीची आजही कोंडी होते. भुईगावचा दगड आम्हाला म्हणूनच आमचा वाटतो.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. स्वतंत्र भारताचे कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं, आणि ते अडवलं गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. पुढे तुकड्यातुकड्याने जे कायदे झाले त्यातला १९५५ चा हिंदू विवाह कायदा काढून बघा. लग्नाच्या अटींमध्ये वेडाचा उल्लेख आहे, अपस्माराचा नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नव्हता. मग तो आला कधी? १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दोन्ही कायद्यांत वेडाच्या झटक्यांना जोडूनच अपस्माराचे वारंवार येणारे झटके लिहिले गेले आणि असं लग्न रद्द करून घेण्याची वाट मोकळी झाली. लेव्होडोपा बाजारात आलेलं होतं, फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटोइन १९३८ पासून वापरात होतं, आणि आपली संसद मनूच्या तिसऱ्या अध्यायापाशी परत गेली होती! संसदेतल्या कुणी तो अध्याय उघडून बघितला असेल असं आमचं म्हणणं नाही. तो उघडावा लागत नाही, तो अंगवळणी पडलेला असतो.

या अटीविरुद्ध डॉक्टर आणि इंडियन एपिलेप्सी असोसिएशन लढले. शेवटी २९ डिसेंबर १९९९ पासून तो शब्द दोन्ही कायद्यांतून गेला. मधली तेवीस वर्षं किती मुलींनी लग्नानंतर गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या, लपवता आल्या नाहीत म्हणून बंद केल्या आणि गोळी बंद झाल्यामुळेच पुन्हा झटके येऊन माहेरी धाडल्या गेल्या, याची नोंद कुठल्या न्यायालयात नाही. कायद्यातून शब्द गेला, पण स्थळं बघणाऱ्यांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही. आपल्या वस्त्यांतल्याही. ‘त्यांच्याकडे मिरगी आहे’ असं कुजबुजणारा बौद्ध घरातला माणूस मनूचंच बोलत असतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आपल्या देशात फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत बसणारी पट्टकृमीची गाठ. ‘डुक्कर खाणाऱ्यांचा रोग’ म्हणून तो आपल्या लोकांच्या माथी मारला जातो. मेंदूतली गाठ मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने होते, आणि ती माणसाच्या मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून जातात. शुद्ध शाकाहाऱ्याच्या मेंदूतही ती सापडते. दोष गटाराचा आणि नळाच्या पाण्याचा असतो.

गारव्याच्या विज्ञानाला एक काळा इतिहासही आहे, आणि तो आपण लक्षात ठेवायला हवा. १९४२-४३ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ते किती वेळ जगतात ते मोजलं. ज्यांना माणूस मानायचंच नाही असं आधी ठरलं होतं, त्यांच्यावर पुढे काहीही करता आलं. त्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली: माणसाच्या स्वखुशीच्या संमतीशिवाय प्रयोग नाही. आपल्याकडे २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत बडोद्याकडे एचपीव्ही लस मुलींना टोचली गेली, त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. खम्मममध्ये अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर ताशेरे ओढले.

उद्या मेंदू गार करणाऱ्या उपकरणाची चाचणी मुंबईत सुरू झाली तर उमेळ्यातला रुग्ण नायगावला लोकल धरून केईएमला किंवा नायरला जाईल. चाचणीत नाव घालणं सोपं असतं. संमतीपत्र मराठीत आहे का, ते वाचून समजावलं का, नको म्हटलं तरी नेहमीचे उपचार चालू राहतील का, चाचणी संपल्यावर बॅटरीचा खर्च कोण करणार, हे कार्यकर्त्यांनी सोबत जाऊन विचारायचं आहे. आणि त्याच्याही आधी, शंभर वर्षं जुनी स्वस्त फेनोबार्बिटोनची गोळी जवळच्या सरकारी दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला मिळते का, हे पाहायचं आहे. नियमित गोळी मिळाली तर बहुतेकांच्या डोक्यात काही बसवायची गरजच पडत नाही.

अजून एक काम राहिलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाची यादी सातवरून एकवीस प्रकारांवर नेली. त्या यादीत पार्किन्सनचं नाव आहे. अपस्माराचं नाही.